गाळ बसेपर्यंत

वीस लिटरचं पातेलं, तासभर रटरटून आत्ता कुठे गप्प.
दिवा गावात, दुसऱ्या मजल्यावरून
कारल्याचा आणि गुऱ्हाळाचा वास
एकाच जिन्याने खाली उतरतो.
मासळीवाल्यांकडून आणलेली बर्फाची अर्धी लादी
टपात, पातेल्याभोवती, दोन खवल्यांसकट.

हॉप्स पाकिटातून निघाल्या तेव्हा
सरकी पेंडीसारख्या हिरव्या गोळ्या होत्या.
आता शेवाळ.

चहाची गाळणी अर्ध्या मिनिटात तुंबली.
पुरणाची चाळण सगळंच जाऊ देते.
मग पंचा, आईनं नोकरीच्या सामानात घातलेला,
चक्का बांधशील म्हणून.
तो फुगला. एक थेंब. थांबून दुसरा.
मी पिळला.
पिळायचं नसतं.
अडलेलं सगळं खाली आलं.

दारात हाशाकाका भोईर, घरमालक,
हातात विजेचं बिल.
"कोन आजारी हाय रं? काढा कसला?"
सांगितलं. लपवता येईल एवढं पातेलं नव्हतं.

ते वाकून बघत राहिले,
लहानपणी बापामागे ताडीची मडकी वाहिलेला माणूस.
"पंचा काढ. डाव घे.
येकाच बाजूनी फिरव, जोरात.
मंग हात काढ, न् बघत रव."

पाणी माझ्याशिवाय फिरत राहिलं.
हिरवं कडा सोडून आत आत सरकलं,
मधोमध टेकडी होऊन बसलं.
पंधरा मिनिटं आम्ही दोघं
काहीच बोललो नाही.

मग ते खाली जाऊन आले
माडाच्या झावळीच्या बुडाशी असते ना,
ती तपकिरी, विणल्यासारखी जाळी घेऊन.
"ताडीला आमी कवा कापड नाय लावला."
उकळून काढली, नळीच्या तोंडाला सुतळीनं बांधली.
पहिला तांब्या गढूळच. "परत वत वरनं."
जाळीत थोडा पाला अडकला
आणि तोच मागच्या पाल्याला अडवू लागला.
तेव्हा आलं,
घासलेल्या पितळेच्या रंगाचं, आरपार.

वाटीभर चाखलं काकांनी.
तोंड आधी गोड झालं, मग वाकडं.
"झिंग कुठंय?"
पंधरा दिवस लागतील, म्हटलं.
"मंग बिलाचं पन तवाच बघू,"
आणि वाटी धुऊन पालथी ठेवून गेले.

टेकडी मी गच्चीतल्या कुंडीत उपडी केली.
जाळी दोरीवर, दोन मोज्यांच्या मधे.
हात चारदा धुतले तरी कडू.
रात्री भाकरी मोडली,
तीही.