सात फुटी खारी

भवानी पेठेत आमचं दुकान. पाटी साधी:
नदाफ गादी कारखाना. जुन्या गाद्या पिंजून मिळतील.
गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारतो, सिंगल की डबल?
ती म्हणाली, खारी.

मला वाटलं, चुकून आली. बेकरी पलीकडे,
कोपऱ्यावर. बोट दाखवलं.
ती हलली नाही. पिशवीतून
कागदात गुंडाळलेली एक खारी काढली,
माझ्याच ग्लासात निम्मी बुडवली,
तीन मोजले, उचलून धरली.
वाकली.
अशी, म्हणाली. सात फूट.

नाव शाल्मली भिंताडे. शाल्मली म्हणजे सावर,
तिनेच सांगितलं. चाळीस वर्षं
सावरीचा कापूस उशांत भरतोय,
त्याला असंही नाव असतं, मुलीला ठेवण्याजोगं,
हे ठाऊक नव्हतं.

चौदा पदर मांजरपाटाचे.
वरचे गव्हाच्या खळीत बुडवून कडक वाळवलेले,
खालचे चहापत्तीत उकळलेले. हमिदाने मोठं पातेलं दिलं
आणि परत घेताना नाकाला लावून पाहिलं.
कडा दाभणाने शिवल्या.
मग भरायला बसलो आणि आमचं वाजलं.

कारण मी ठासून भरली.
अब्बा सांगायचे, गादी बसली की धंदा बसला.
ती आली, दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, म्हणाली,
काका, ही तर अजून कपाच्या बाहेरच आहे.
काढा कापूस. बसू द्या.

बसू द्या!
चाळीस वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं.
त्या एका शब्दासाठी लोक पैसे परत मागतात.
काढला. मूठ मूठ. रात्री,
शटर अर्धं ओढून, कुणी पाहू नये असा.

एक गोष्ट तिला सांगितली नाही.
नवा कापूस तिच्या पैशांत बसत नव्हता.
माळ्यावर जुने गठ्ठे होते, कुणी न्यायलाच न आलेले.
नारायण पेठेतल्या एका मास्तरांची गादी,
तेराव्यानंतर मुलाने 'ठेवून घ्या' म्हणून टाकलेली.
एका बाळंतिणीची.
हॉस्टेलातल्या सहा, ढेकणांसकट
(आठ दिवस उन्हात घातल्या होत्या, तसं नाही).
सगळ्या एकत्र पिंजल्या.
कुणाचा ताप, कुणाची रात्रभराची जाग,
पहाटेचं ते स्वप्न, जे उठल्यावर आठवत नाही,
पिंजताना सगळं सारखंच उडतं,
सारखंच नाकात जातं.

छोटा हत्ती केला. डेंगळे पुलावर वारा लागून
तिचं बुडालेलं टोक फळीबाहेर लोंबलं.
सिग्नलला पोलीस जवळ आला.
काय हो हे?
खारी.
त्याने मान तिरकी करून पाहिलं.
बुडवलेली?
लायसन विचारलं नाही.

रविवारी आम्ही दोघं घोले रोडला गेलो.
पांढऱ्या ओट्यावर ती बसलेली, भोवती दोरी,
पाटी: हात लावू नये.
हमिदा म्हणाली, आतला कापूस ज्यांचा, त्यांनीही नाही?
मी तिला चूप केलं.
एक गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून उभे राहिले
आणि त्यांनी जांभई दिली.
मग त्यांच्या बायकोने.
मग स्टुलावरच्या रखवालदाराने.
पंखा बंद होता. त्याने असेल. असेलही.

मी आपला शिवण पाहत होतो.
डाव्या कडेला एक टाका सैल राहिलेला, त्यातून
काळपट कापसाचा एवढासा पुंजका बाहेर.
दोरीखालून वाकलो. आत ढकलला.
बोट जरा वेळ तिथेच राहिलं.
कोमट होतं, म्हटलं तर कुणाला पटणार नाही.

ओ काका, रखवालदार ओरडला, हात नाही लावायचा!
हळू, मी म्हणालो.
हळू बोल.