झाकणाची आतली बाजू

रेकॉर्डर थोडा इकडे सरकव, फ्लाव्ही.
तिथे आल्बेनीच्या कपाची वर्तुळं उमटलीत,
मी अजून पुसलेली नाहीत.

हो, तिनं हेरिंगच्या पेट्यांवरच लिहिलं.
बाहेरून नाही. बाहेर कंपनीचा शिक्का, वजन, सगळं इंग्रजीत.
आत, झाकणाच्या पोटाशी, सुताराच्या जाड पेन्सिलीनं,
धूरघरातली शिफ्ट संपता संपता,
खिळा ठोकायच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात.
त्यात मावेल तेवढीच कविता.
तू प्रबंधात म्हणतेस, 'तुटक शैली'.
अगं, फोरमन यायचा.

पेट्या मग बोटीनं हैतीला.
तीस वर्षं. हिशोब तूच कर.
तुझ्याकडे सदतीस झाकणं आहेत,
मॉन्क्टनच्या कपाटात, हातमोजे घालून बघायची.
बाकीची कुणाच्या चुलीत गेली,
कोंबड्यांच्या खुराड्याला लागली,
एखाद्या पोराची पाटी झाली असतील.
विचारलं तर म्हणायची,
मासा खारट आहे, सोबत काहीतरी हवं ना.

तुझा प्रश्न परत सांग.
ओळख.
इथे ओळख म्हणजे, 'कुणाची गं तू?'
आणि उत्तर तीन पिढ्यांचं, एका दमात:
एक्झेल्दा आ दोमितियां आ फिलेआस.
आडनाव कोण विचारतो,
अर्ध्या गावाचं एकच आहे.

आणि बाविसाव्या झाकणावरचा तो 'ट्रक'.
त्यावर तू अकरा पानं लिहिलीस.
वाचली मी, दोन रात्री लागल्या.
भाषांची झटापट, जखम, प्रतिकार.
असेलही.
पण त्या दिवशी दारात उभा होता तो ट्रकच होता, बाई.
तिच्या नवऱ्याला आल्बर्टाला घेऊन गेला तोही तोच.
शुद्ध शब्द लिहिला असता
तर गेलेला माणूस दुसऱ्या कुणाचा तरी नवरा झाला असता.

शाळेत सिस्टर आमचं बोलणं लाल शाईनं खोडायच्या.
ऑफिसात इंग्रजी नसेल तर रांगेच्या शेवटी.
मग बोलणं घडी घालून ठेवायची सवय लागली,
चादरीसारखं, कडेला कड लावून.
पॅरिसहून एक गृहस्थ आले होते.
माझं बोलणं ऐकून त्यांचे डोळे पाणावले.
किती जुनं, किती गोड, म्हणाले.
मी काय उकरून काढलेलं भांडं आहे?
त्यांना कॉफी विचारली नाही.

एकदाच उत्तर आलं.
पेटीचं एक फळकूट, पोस्टानं, जाकमेलहून.
कोळशानं लिहिलेल्या चार ओळी, क्रेयोलमध्ये.
आम्ही दोघी याच टेबलाशी मोठ्यानं वाचत बसलो,
जिभेवर घोळवून घोळवून.
अर्धं कळलं.
अर्धं कळणं म्हणजे आमच्याकडे पुष्कळ.
नाही, ते कपाटात नाही.
ते तिच्याबरोबर दिलं मी, शवपेटीत,
लिहिलेली बाजू तिच्याकडे करून.
हे प्रबंधात घालू नकोस.
घाल हवं तर.
नको.

झालं का? विझला त्याचा दिवा?
मग आता तू बोल. सडबरीची ना तू,
निकेलच्या खाणीतल्या माणसांची?
आई कशी बोलते तुझी?
बघ, यंत्र बंद झाल्याबरोबर
तुझे स्वर कसे रुंद झाले,
आणि पाय खुर्चीत वर घेतलेस.

जा आता, पुलावर बर्फ धरायच्या आत.
आणि जाताना दाराला अडसर घाल.

हसतेस का?
तुझी आईही हेच म्हणते?
हजार मैल आत, जिथे समुद्राचा वाससुद्धा पोचत नाही?

या दाराला अडसर नाही, फ्लाव्ही.
माझ्या बापाच्या लहानपणीही नव्हता.
कुलूप आहे, चावी त्या खिळ्याला.
आम्ही म्हणतो मात्र तेच.
आणि दार लागतं.