मंगळवारचा हिशेब

अग्निशामक बंबाच्या वर, शिडीनं चढायची खोली.
भिंतींना अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवलेले,
काहींत अजून कोंबडीचं एखादं पीस.
इथून आमचा रेडिओ बोलतो.
चिलोएच्या पूर्वेची सहा बेटं ऐकतात,
वारा बरा असला तर सात.

मी बटणं सांभाळतो. एर्सिरा नावेल्किन बोलते.
तीस वर्षं तिनं शाळेत पोरांना सूप वाढलं,
माइकसमोरही तशीच वाकते,
कुणाची वाटी रिकामी राहायला नको म्हणून.

आधी निरोप:
"बाउदिलिओ, गुरुवारी होडी येणार नाही,
बटाटे पोत्यातच असू देत.
नातीला दात आलाय. वरचा."
मग म्हाताऱ्या एर्नाल्दोचं अकॉर्डियन.
त्याच्या भात्याला दुधाच्या खोक्याचं ठिगळ आहे,
खालच्या सुरांवर त्याला धाप लागते.
मग हिशेब:

"रविवारी आपल्या किनाऱ्यावर सापडलं ते असं.
थर्माकोलचे ठोकळे एकशे बारा.
निळा दोर, माझ्या घराला दोनदा वेढा पडेल इतका.
गमबूट नऊ, सगळे डाव्या पायाचे.
सांगा बरं, कोण कोण लंगडत घरी गेलं?"
ती हसते,
आणि हसणं मध्येच खाली ठेवते.

असाच एक निळा दोर
आमचा अँटेना धरून उभा आहे, चार वर्षं.
समुद्रानं दिलेलं परत कसं करायचं,
म्हणून बांधलं.

जूनमध्ये, आमच्या ऐन हिवाळ्यात,
पाऊस आडवा मारत असताना फोन वाजला.
पुरुषाचा आवाज. मधे मधे खोकला. मागे जनरेटर.
"ते ठोकळे आमचे आहेत बाई.
सामन माशांचे पिंजरे हलवताना
जुने दोर कापायचे असतात. रात्री.
मी कापतो.
आम्हाला सुरी देतात, पावती देत नाहीत."

एर्सिरा गप्प.
रेडिओवर गप्प बसणं म्हणजे चूल विझू देणं,
मला इथं शिकवलेली पहिली गोष्ट हीच.
माझा हात बटणाकडे गेला.
तिनं तो धरून ठेवला.
अकरा सेकंद.
सहा बेटांवर लोकांनी संच हलवून पाहिले असतील,
बॅटरीला शिव्या घातल्या असतील.
तेवढा वेळ
आमच्या पत्र्यावरचा पाऊसच प्रसारित झाला.

मग ती म्हणाली, "जेवलास?"
"अजून नाही."
"जेव. पुढचा वॉल्ट्झ तुला. छोटाच आहे."

दोन दिवसांनी स्वच्छ जाकीट घातलेला एक साहेब आला,
कंपनीचं कॅलेंडर घेऊन.
नवा मिक्सर देऊ म्हणाला, स्पीकर देऊ म्हणाला,
फक्त तो हिशेब जरा...
एर्सिरानं कॅलेंडर ठेवून घेतलं.
मागची बाजू कोरी होती.

त्या रविवारी आम्ही सतरा जण किनाऱ्यावर.
अठरावा उशिरा आला,
लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.
कुणी नाव विचारलं नाही.
तो खोकला,
आणि मी वाळूत काहीतरी शोधायला लागलो.
एर्सिरानं त्याच्या हातात पोतं दिलं,
जसं रांगेतल्या पुढच्या पोराला सूप.

खडकात अडकलेल्या दोराशी तो बसला.
आम्ही कोयता आणायला निघालो होतो.
नको म्हणाला.
गाठीला त्याची बोटं माहीत होती,
एकेक पीळ सुटत गेला,
ओहोटी संपेपर्यंत.

मंगळवारी, सात वाजता,
साहेबाच्या मार्च महिन्याच्या पाठीवरून तिनं वाचलं:
"ठोकळे चौऱ्याण्णव.
दोर चाळीस वाव, अखंड, कुठंही न कापलेला."
इथं ती थोडी थांबली. मी मोजलं नाही.
"गमबूट तीन. तिन्ही डावे.
बाउदिलिओ, होडी उद्या येतेय, बटाटे काढ."
मग एर्नाल्दोनं भाता ओढला,
ठिगळातून आधी नुसती हवा आली.