खिळा एक

अकरा महिन्यांचा करार. कलम सात:
भाडेकरूने भिंतीत खिळा ठोकू नये.
परुळेकरांनी ते दोनदा वाचून दाखवलं
आणि चष्म्यावरून माझ्या हातांकडे पाहिलं,
जणू मी हातोडी घेऊनच कांजूरला आलो होतो.

मागच्या पानावर सामानाची यादी, त्यांच्याच अक्षरात:
पंखे दोन. ट्यूब तीन. खिळा एक.

तो आधीच्या भाडेकरूचा.
बाहेरच्या खोलीत, माझ्या डोक्याच्या जरा वर,
थोडा डावीकडे वाकलेला.
काय टांगत होते कोण जाणे.

मी बाइंडर. प्रभादेवीच्या प्रेसमध्ये
हिशेबाच्या वह्यांना पाठ शिवतो.
पुठ्ठ्याची कातरणं, निळ्या कापडाच्या पट्ट्या,
छपाईत वाया गेलेले ताव
रद्दीत जायच्या आधी माझ्या पिशवीत जातात.
शेठना माहीत आहे. शेठ बघत नाहीत.

रविवारी रोहिणी खळ शिजवते,
मैदा, पाणी, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद,
आणि पातेल्यावर खडूची मोठी फुली,
नाहीतर तिचा भाऊ कढी समजून वाढून घेईल.
(एकदा घेतलीच होती. मोरचूद घालायचा होता, नशीब.)

मग घरभर पसारा.
लग्नपत्रिकांचे सोनेरी गणपती कापून
दोऱ्यात ओवायचे, खिडकीच्या ग्रिलला बांधायचे.
‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’
एवढी एक ओळ निहार वेगळी कापून ठेवतो.
त्याला मावशी नाही.

मागच्या दिवाळीच्या कंदिलाचा सांगाडा
पोटमाळ्याच्या कडेला दोरीने लोंबतो.
त्याला डायरीची चुकलेली पानं लावली,
ज्यात जूनला एकतिसावा दिवस छापला होता.
रात्री बल्ब लावला की
तो नसलेला दिवस आमच्या जेवणावर पडतो,
पिवळा, वरणासारखा.

आणि पट्टी.
भिंतीवर पोराची उंची लिहायची नाही
(कलम आठ, पेन्सिलसुद्धा नाही),
म्हणून पुठ्ठ्याचे सहा तुकडे, कापडाच्या बिजागऱ्या,
वरून रोहिणीच्या विरलेल्या इरकलीचा काठ.
घडी घातली तर वहीएवढी,
उघडली तर साडेपाच फूट.
भांडुपला ती पडद्याच्या दांडीला होती,
नाहूरला ग्रिलला, आणि ग्रिल उंच,
त्यामुळे नाहूरला आल्या आल्या निहार
चार बोटं आखूड झाला.
रडला. जेवला नाही.
मी समजावलं, तू नाही रे, घर बदललं.
तो म्हणाला, मग घराची उंची लिही.

इथे मात्र त्या वाकड्या खिळ्याला पट्टी लावली
आणि खालचं टोक फरशीला टेकलं. बरोब्बर.
मी वाकून बोट घालून पाहिलं, कागदही जाईना.
रोहिणी पदराला खळ पुसत उभी राहिली,
म्हणाली, त्यांच्याकडेही असणार कुणीतरी
मोजण्यासारखं.

अकरा महिने पूर्ण झाले. घर सोडवायला
आम्हाला पाऊण तास लागला:
गाठी सोडल्या, गणपती डब्यात,
एकतीस जून दोन खोक्यांच्या मध्ये उभा.
परुळेकर आले, भिंतीवरून तळहात फिरवत गेले,
जसा मी कोऱ्या पुठ्ठ्यावरून फिरवतो.
पंखे दोन. ट्यूब तीन.
खिळ्यापाशी थांबले. वाकडा आहे, म्हणाले.
आधीपासून, मी म्हणालो.
त्यांनी तो चिमटीत धरून जरा हलवून पाहिला,
आणि का कोण जाणे,
रुमालाने पुसला.

टेम्पोत निहार पट्टी मांडीवर घेऊन बसला.
विक्रोळीला खिळा आहे का, त्याने विचारलं.
मी खिशातला नवा करार काढला
आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागलो.