आकू

म्हेत्रे मॅडमची बदली करमाळ्याला झाली
आणि टेम्पोत जागा उरली नाही, एवढंच कारण.
कुंडी माझ्या उंबऱ्यात ठेवून म्हणाल्या,
राजमणीताई, ऊन नको, उजेड हवा,
आणि पाणी चार दिवसांतून एकदा.

हसूच आलं मला.
साखर पेठेत नळाला तरी
त्याआधी कुठे पाणी येतं?
जमेल मग, म्हटलं. सोलापुरात निभेल हे झाड.

नाव सांगितलं होतं त्यांनी, लांबलचक,
जिभेवरून निसटलं.
आमच्या घरात पानाला आकू म्हणतात,
विडीच्या पानालाही आकूच.
तर हे आकू.
हिरवं, मध्ये रुपेरी शिंतोडे,
मागावर जरीचा धागा तुटत तुटत गेल्यासारखे.

चाळीस वर्षं पानंच हाताळते मी.
पण ती यायची वाळून, पुडे बांधून,
कुठल्या तरी लांबच्या रानातली.
रात्री भिजवायची, गोणपाटात गुंडाळायची,
सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्री चालवायची.
जिवंत पान कसं लागतं
हे बोटांना ठाऊकच नव्हतं.
पहिल्या दिवशी धरलं तर गार,
झोपलेल्या लेकराच्या कानाच्या पाळीसारखं.

एप्रिलात पत्रे तापले.
आकूच्या कडा करपल्या, विडीच्या टोकासारख्या.
खिडकीवर चादर भिजवून टांगली,
मोरांची, लग्नातली.
हे म्हणाले, माझ्या तापात नाही टांगलीस कधी.
खरं होतं ते.
मी चादर पुन्हा भिजवायला उठले.

मग तो कापूस.
शेजारी चिट्यालांचे माग, दिवसभर खटाखट,
तूस उडून येतं, भांड्यांवर, भातावरसुद्धा.
पानांच्या बेचक्यात पांढरं दिसलं
तर रोज फडक्यानं पुसत राहिले.
चौथ्या दिवशी चष्मा लावून पाहिलं,
कापूस चालत होता.

टाकून द्या, घरभर पसरेल, लावण्या म्हणाली.
सून आहे, बरोबरच बोलते बहुतेक वेळा.
मी सुपातला तंबाखूचा चुरा
रात्रभर पाण्यात घातला,
सकाळी गाळून, दात घासायच्या जुन्या ब्रशनं
एकेक पान पुढून मागून धुतलं.
याच चुऱ्यानं मला खोकला दिला,
थोरल्या जावेची छाती पोखरली,
आज पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडला,
असं मनात आलं
आणि ब्रश तसाच थांबला.
पहिल्यांदा कसं?
दोन पोरांच्या फिया काय मागावर निघाल्या होत्या?
तंबाखूला तरी खोटं कशाला पाडायचं.
उरलेली पानं धुतली.

एक पान मात्र पिवळं पडलंच.
कात्री घेतली,
झोपेतही चालते ती माझ्या हातात.
चालेना.
आपणहून गळेपर्यंत बारा दिवस थांबले.
कुंडीतच कुजू दिलं त्याला,
मातीत बोट घालून ओल बघताना
लागायचं मधूनमधून.

काल पहाटे, नळाची वाट बघत बसले होते,
तेव्हा दांड्याच्या पोटातून
काहीतरी वर आलेलं दिसलं.
नवं पान.
घट्ट वळलेलं, टोकाला निमुळतं,
धागा नाही कुठे.
इतकं नेटकं, की चेकरनंही छाट काढली नसती.

सूप मांडीवर घेऊन त्याच्यासमोरच बसले.
बोटं आपली वळत राहिली.
दुपारच्या सुमाराला
ते एका बाजूनं सैल पडलं,
जराशी फट, आत ओला, पोपटी उजेड.

संध्याकाळी कारखान्यात मोजणी झाली,
हजारात त्र्याऐंशी कमी.
काय मावशी, बरं नाही का, चेकर म्हणाला.
पाणी आलं होतं,
म्हटलं.