आतली कड

कोचकोरच्या बाजारामागे, लोकरीचे गठ्ठे संपतात
आणि ऑइलचा वास सुरू होतो,
तिथं कासिमाली आजोबांचं गॅरेज.
गॅरेज म्हणजे एक खड्डा, वर पत्रा,
आणि मी.

आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
बिश्केकला जाऊन काढून घ्या, सगळे सांगतात.
ते म्हणतात, टायर वाचायला डोळे कशाला?

सायरागुलची जुनी ऑडी आली तेव्हा
डोलोन घाटात रात्रीचं बर्फ धरू लागलं होतं.
डिकीत मेंढ्यांच्या लशींचे डबे,
मागच्या सीटवर खुरं कापायची कात्री,
आणि स्टिअरिंगवरच्या चार कड्या
डावीकडे कललेल्या, भिंतीवरच्या तिरक्या फोटोसारख्या.
"टायरवाला चोर आहे," ती उतरता उतरताच म्हणाली,
"वर्षात दुसरी जोडी. पुन्हा तार दिसायला लागली."

आजोबा गुडघ्यावर बसले.
तळवा आतून बाहेर फिरवला:
मांजराची पाठ.
बाहेरून आत फिरवला:
करवत.
मग माझा हात धरून तोच रस्ता दोनदा चालवला.
"मधोमध झिजला तर हवा जास्त.
दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी.
खळगे पडले तर शॉक्स मेले.
इथं नुसती आतली कड खाल्लीय.
चाक फरपटतंय, पोरा.
चालतंय पुढं, बघतंय बाहेर."

मग तिच्याकडं वळून,
"मेंढीचं खूर एकाच बाजूनं झिजलं तर काय करतेस?"
"पाय बघते. सांधा बघते."
"खुराला शिव्या नाही घालत?"
ती हसली नाही.
मी हसलो, आणि लगेच पाना शोधायला खड्ड्यात उतरलो.

मासे धरायची दोरी, गाडीच्या दोन्ही अंगांनी ताणलेली.
स्टिअरिंग सरळ करून बांधलेलं.
पट्टी माझ्याकडं, आकडे मीच वाचतो.
डावं चाक: पुढं साठ, मागं साठ.
उजवं: पुढं अठ्ठावन्न, मागं चौसष्ट.
आजोबांनी मान हलवली,
कुणी ओळखीच्याचं नाव घ्यावं तशी.

उजवा टाय रॉड वाकला होता. फार नाही,
जुन्या डावाचा दांडा वाकतो तेवढाच.
"कुठं आपटली?"
"मी नाही आपटली."
मग बराच वेळ ती लशींचे डबे मोजत राहिली.
सुरगुतला कामाला जाताना अकजोल म्हणाला होता,
स्टिअरिंग जरा डावीकडं धर, बाकी गाडी उत्तम.
तीन हिवाळे तिनं ते धरलं.
दगडाबद्दल तो काही बोलला नव्हता.

आठ दिवसांनी परत आली, दार आपटून.
"आता डावीकडं ओढते. बिघडवलीत तुम्ही."

आजोबा तिच्या शेजारी बसले, मी मागं, कात्रीजवळ.
धरणाकडं जाणारा रस्ता, दोन्हीकडं पॉप्लर.
"हात सोड."
"वेड लागलंय का?"
"सोड."
तिनं दोन्ही हात वीतभर वर उचलले,
तव्यावर शेक बघावा तसे.
गाडी नाकासमोर चालली.
एक झाड, चार झाडं, मी अकरापर्यंत मोजली.
कुणी काही बोललं नाही.

"गाडीचं काढलं मी," आजोबा म्हणाले,
"हाताला लागलेलं वळण तुझं तू काढ."

तिनं हात परत ठेवले. गाडी किंचित डावीकडं गेली,
मग आली.
टाय रॉडचे पैसे तिनं विचारले, आजोबांनी निम्मे सांगितले.
मग रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली,
"सोमवारी लस आणायला बिश्केकला चाललेय.
ते मोतीबिंदू घेऊन सहाला तयार राहा."

आजोबांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.
खिडकीच्या रबरावरून बोट फिरवत होते ते,
आधी इकडून,
मग उलटं.