उसनवारी

आमच्या कपाटाला कुलूप नाही, नुसती एक वही आहे.
ब्यूट, मोंटाना. पूर्वी इथे बुटांचं दुकान होतं,
फरशीवर अजून पावलांची मापं रंगवलेली आहेत,
त्यांच्यावरून व्हीलचेअर जाते तेव्हा
अकरा नंबर थोडा पुसला जातो.
आत बोलकी घड्याळं, जाड बटणांचे कीबोर्ड,
एका हातानं पाव कापायची फळी.
आणि वरच्या खणात, फोमच्या पेटीत,
नजरेवर चालणारं ते यंत्र. किंमत विचारू नका.
मुदत पस्तीस दिवस. छत्तिसाव्या दिवशी मी फोन करते.

ऑरिन पेनहॅलो, वय त्रेचाळीस.
जीभ आणि हात जन्मापासून त्याचं ऐकत नाहीत.
डोळे ऐकतात.
तो अक्षराकडे बघतो, अर्धा सेकंद थांबतो,
अक्षर उमटतं. मग पुढचं.
त्याच्या जागी बोलायची सवय मोडत
बहीण डेलिया शेजारी बसलेली,
शिंक आवरावी तसे ओठ दाबून.
चहा गार झाला, आणि यंत्र बोललं:
"तुमचा हीटर खडखडतोय."
सात वर्षं खडखडत होता. मला कुणी सांगितलं नव्हतं.

नोकरी रॉकरच्या पुढे, ट्रकच्या सुट्या भागांच्या गोदामात.
कुठला बोल्ट किती उरला, एवढं संगणकाला सांगायचं.
गोदाम म्हणालं, यंत्र घेऊन या, बघू.
हेलेनाचं ऑफिस म्हणालं, यंत्र हवं तर नोकरीचं पत्र जोडा.
मुलाखत ठरली एकोणतिसाव्या दिवशी.
मग साठ्याची मोजणी निघाली. मग मॅनेजरची दाढ.
नवी तारीख मंगळवारची,
बेचाळिसावा दिवस.

माइल्स सिटीची एक बाई ऑक्टोबरपासून यादीत आहे.
शिक्षिका होती. आजारानं तिचा गळा नेला, मग बोटं.
तिचाही एक मंगळवार असेलच कुठेतरी.
मी ऑरिनला शब्द दिला नाही.
आमच्या खात्यात शब्द देता येत नाही,
यंत्र देता येतं, तेही मोजून.

पेटी वेळेवर आली. पट्टे नीट गुंडाळलेले.
स्पिरिटनं पुसणे, झालं. चार्जर तपासणे, झालं.
चौथी पायरी: मेमरी रिकामी करणे.
मी यादी उघडली. उघडायला नको होती.
दाताच्या दवाखान्यात भेटावा तसा तो गुळगुळीत पुरुषी आवाज
रिकाम्या खोलीत बोलू लागला:

"माझा वेग कमी आहे. चुका त्याहून कमी आहेत."
"प्रश्न मला विचारा. ही माझी बहीण, ती गाडी चालवते."
"हा विनोद होता."
"पगार किती?"
"पगार किती, असं मी आधी विचारायला नको होतं का?"
"थांबा, माझं अजून"

पुढे काही नाही.
पस्तिसाव्या रात्री डोळा लागला असेल,
किंवा डेलियानं दिवा मालवला असेल.

फायली मी एका पेन ड्राइव्हवर घेतल्या,
वर चिकटपट्टी लावून त्याचं नाव लिहिलं.
नियमांत हे बसतं का, मी वाचून पाहिलं नाही.
मग चौथी पायरी. यंत्राला विचारायची सवय आहे:
खात्री आहे का?
मी हो दाबलं.
सोमवारी पेटी माइल्स सिटीला निघेल.

छत्तिसावा दिवस. परत आलेल्या वस्तूसाठी फोन करायचा नसतो.
केला.
डेलियानं उचलला, म्हणाली, त्याच्या कानाला लावते.
मी पेन ड्राइव्हचं सांगितलं. हेलेनाला पुन्हा लिहिलंय, तेही.
सांगण्यासारखं संपलं,
तेव्हा रिसीव्हर हीटरपाशी धरला.
दुरुस्त करून घेतला, म्हटलं. ऐक.

पलीकडे श्वास. मग काहीतरी,
शब्द असेल, हसणंही असेल,
मला कळलं नाही.
मंगळवारचं काय, ते मी बोलणारच होते.
ओठ दाबले.
थांबले.